परीक्षकाचा पहिला प्रश्न

हस्ताक्षर मोत्यासारखे असले म्हणजे गणिताचे उत्तर बरोबर असतेच असे नाही, हे शाळेतील कोणत्याही मुलास ठाऊक असते. परंतु यंत्रमानवांच्या स्पर्धेचा मांडव एकदा दिव्यांनी उजळला, की ही साधी गोष्ट मोठ्या माणसांच्याही विस्मरणात जाते. ज्या टेबलावर अधिक दिवे लुकलुकतात, त्याभोवती अधिक गर्दी जमते. आणि कधी कधी परीक्षकांची पावलेही तिकडेच वळतात.

अशा स्पर्धांत नुसते यंत्र चालवून भागत नाही. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेली ‘फर्स्ट लेगो लीग’ ही शाळकरी मुलांची स्पर्धा पुढे भारतातही भरू लागली. तिच्यात यंत्राला टेबलावरील कामगिरीसाठी अडीच मिनिटे मिळतात. त्याखेरीज प्रत्येक संघाला एक खराखुरा प्रश्न निवडून त्याचे संशोधन करावे लागते आणि ते परीक्षकांपुढे मांडावे लागते. २०१७-१८ या वर्षी संशोधनाचा विषय पाणी हा होता. लातूरच्या मुलांना या विषयासाठी ग्रंथालय धुंडाळण्याची गरज नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने आणलेल्या पाण्यावर त्यांच्या शहराने तहान भागविली होती. पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. ज्या घरात घागर भरण्यासाठी रांग लावावी लागते, त्या घरातील मुलापाशी पाण्याविषयीचे प्रश्न आपोआपच चालत येतात.

म्हणूनच परीक्षकाने पहिला प्रश्न यंत्राविषयी विचारू नये. ‘हा प्रश्न तुम्हांला कोठे भेटला?’ असे त्याने प्रथम विचारावे. ज्या मुलांनी प्रश्न स्वतः पाहिला आहे, त्यांचे डोळे हे ऐकताच चमकतात. ज्यांना दुसऱ्याने यंत्र करून दिले आहे, ती मात्र एकमेकांकडे पाहू लागतात.

एक उदाहरण घेऊ. विज्ञान-प्रदर्शनांत भूकंपसूचक घंटा हमखास दिसते. टेबल हलविले की घंटा वाजते आणि पाहणारे टाळ्या देतात. लातूर जिल्ह्यात तर या विषयाचे गांभीर्य कोणास सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी व आसपासच्या गावांत भूकंप झाला आणि झोपेत असलेली हजारो माणसे दगावली. आता परीक्षकाने विचारावे, ‘ही घंटा धक्का बसण्यापूर्वी वाजते की बसल्यावर?’ एखादा संघ पाठ केलेले भाषण पुढे रेटील. दुसऱ्या संघातील एखादी मुलगी मात्र म्हणेल, ‘बसल्यावर. झोपलेल्या माणसाला बाहेर पडण्यास वेळ मिळेलच असे नाही. म्हणून आम्ही आजीला घराविषयी विचारले. तिच्या घराच्या भिंती मातीत रचलेल्या जाड दगडांच्या होत्या आणि वर मातीचे जड माळवद होते. माणसे त्याखाली दबली. तेव्हा घंटेपेक्षा भिंतींचा विचार आधी केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.’ या मुलीने आपल्याच यंत्राचे उणे सांगितले. परंतु संशोधनाची खरी वाट तिलाच सापडली. तिचे गुण या कबुलीमुळे कमी होता कामा नयेत. ते वाढले पाहिजेत.

नांदेड जिल्ह्यात अर्धापूरचा परिसर केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मुलांनी मातीतील ओल पाहून पाण्याची मोटार आपोआप सुरू व बंद करणारे यंत्र बनविले, अशी कल्पना करावी. स्पर्धेच्या दिवशी ते बंद पडते. मुले खिन्न होतात. पण वही उघडून दाखवितात. तिच्यात रोजची नोंद आहे: पहिले चार दिवस आकडे ठीक होते, मग ते भलतेच येऊ लागले, दांडी उपसून पाहिली तेव्हा ती गंजलेली आढळली. ओल मोजणाऱ्या स्वस्त दांड्या ओल्या मातीत लवकर खराब होतात, ही गोष्ट मुलांनी कोणाकडून ऐकलेली नाही. ती त्यांनी शोधून काढली आहे. शेजारच्या टेबलावर विकत आणलेले यंत्र न चुकता चालत असेल. तरीही संशोधनाचे गुण या वहीलाच मिळावयास हवेत.

लातूरची अभ्यासाची शिस्त ‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. नेमाने सराव करणे, वेळ वाया न घालविणे हे गुण संशोधकालाही लागतात. परंतु परीक्षेतील प्रश्नाचे उत्तर कोणी तरी आधीच काढून ठेवलेले असते. संशोधनातील प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच तयार नसते. तेथे ‘हे अजून आम्हांला कळलेले नाही’ असे सांगता येणे ही फार मोठी विद्या होय. ती परीक्षकाने ओळखली नाही, तर मुले पुढच्या वर्षी न कळलेलेही कळले असे सांगू लागतील.

यावर कोणी म्हणेल, की स्पर्धा यंत्रांची आहे, तर यंत्र चालले पाहिजे. हे खरेच आहे. चांगले चालणारे यंत्रही पुष्कळ श्रमांनी बनते आणि त्याचे गुण त्याला टेबलावर मिळालेच पाहिजेत. परंतु एकाच यंत्राला दोन्हीकडे गुण देणे म्हणजे सुंदर हस्ताक्षराबद्दल गणितातही गुण देण्यासारखे आहे.

मात्र याच्या उलट चूकही होऊ नये. खेड्यातील मुले आहेत, साधने तोकडी आहेत, म्हणून दयेने दिलेले गुण हाही अन्यायच आहे; त्यात त्या मुलांच्या बुद्धीचा अपमान असतो. त्यांना तितकेच कठीण प्रश्न विचारावेत. फक्त उत्तर मराठवाडी बोलीत आले, अडखळत आले, म्हणून ते कमी लेखू नये. परीक्षकाने विचाराचे वजन करावे, उच्चाराचे नव्हे.

पारितोषिक एकाच संघाला मिळते आणि बाकीचे संघ रिकाम्या हातांनी घरी जातात. त्यांना निदान एक वाक्य तरी बरोबर नेता आले पाहिजे: आपले काय चांगले होते आणि कोठे कमी पडले. हे वाक्य देणे परीक्षकाचे कर्तव्य आहे. चषक कपाटात धूळ खात राहतो. परंतु नेमके सांगितलेले एक वाक्य मुलाला पुन्हा शेतावर, विहिरीवर, आपल्या वहीकडे घेऊन जाते. तेथूनच पुढच्या वर्षीचे संशोधन सुरू होते.