मुलाखतीची तयारी : वाचून नव्हे, आठवून

नोकरीची मुलाखत देऊन बाहेर आलेल्या उमेदवारांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘येत होतं हो, पण ऐन वेळी आठवलंच नाही.’ घरच्यांना ती सबब वाटते. कॉलेजला आत्मविश्वासाचा अभाव दिसतो आणि मुलाला व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासचा रस्ता दाखवला जातो. शरीरशास्त्राच्या दृष्टीनं मात्र ते वाक्य अनेकदा अगदी खरं असतं.

निरोगी माणसावर प्रयोगशाळेत मानसिक ताण कसा आणायचा, या प्रश्नाला जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये एक उत्तर दिलं. ते उत्तर म्हणजे नोकरीची लुटुपुटूची मुलाखत! माणसाला तयारीसाठी थोडा वेळ द्यायचा, मग कॅमेरा लावून मंडळापुढे उभं करायचं. ‘या कामासाठी मीच योग्य कसा’ हे त्यानं पाच मिनिटं सांगायचं. मंडळानं हसायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. त्यानंतर १०२२ मधून १३ वजा करत खाली यायचं. चुकलं की पुन्हा १०२२ पासून. मूळ अभ्यासात सहभागींच्या शरीरातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलं. आज जगभरच्या प्रयोगशाळा ताण मोजण्यासाठी हीच चाचणी वापरतात. तेव्हा दाराबाहेरच्या खुर्चीवर बसलेल्या मुलीच्या घशाला कोरड पडली तर तो तिच्या स्वभावाचा दोष नव्हे.

होतं असं की, नाव पुकारताच अ‍ॅड्रेनलिन काही सेकंदांत काम सुरू करतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात. कॉर्टिसोल सावकाश, काही मिनिटांत चढतं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागावर, म्हणजे आठवणी साठवण्याच्या आणि परत काढण्याच्या यंत्रणेवर, त्याचा परिणाम होतो. माहिती जागेवरच असते. ती बाहेर काढण्याची वाट तेवढी अडते. स्वतःच्याच प्रोजेक्टमधली साधी संज्ञा जिभेवर येत नाही, आणि जिना उतरताना ती आपोआप आठवते.

यावर उपाय आहे, आणि तोही याच चाचणीच्या आधारे तपासलेला. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातला हा अभ्यास २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. १२० जणांना शब्द आणि चित्रं पाठ करायला दिली. निम्म्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. उरलेल्यांनी यादी बाजूला ठेवून आठवायचा सराव केला. दुसऱ्या दिवशी काहींना लोकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावून ताण दिला. नुसती उजळणी करणाऱ्यांची आठवण ताणाखाली ढासळली. आठवण्याचा सराव केलेल्यांची मात्र टिकून राहिली.

आपल्याकडची तयारी बरोबर याच्या उलट चालते. नोट्स, पाच-पन्नास प्रश्नोत्तरांची पीडीएफ, रात्री उशिरापर्यंत वाचन आणि सकाळी गाडीत पुन्हा तेच. डोळ्यांखालून गेलेलं सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतं, असा समज होतो. त्यापेक्षा कागद पालथा घालून उत्तर मोठ्यानं बोलावं, तेही माणसासमोर. मामा, शेजारचे निवृत्त गुरुजी, खोलीतला मित्र, कोणीही चालेल. फक्त त्यानं मधेच दाद देऊ नये आणि एखादा आडवा प्रश्न विचारावा. केलेल्या कामातले तीन-चार प्रसंग निवडून काय अडलं, काय केलं, निकाल काय लागला, हे वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहावं. घोकलेलं भाषण पहिल्याच उपप्रश्नाला तुटतं. आदल्या रात्रीची झोप मात्र कशासाठीही मोडू नये, कारण शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा असतो.

क्लासमध्ये याऐवजी बरेचदा शिकवतात ती देहबोली. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, हे वाक्य तिथल्या फळ्यावर असतंच. ते अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून उचललेलं आहे. पण त्या प्रयोगांचा विषय आवड-नावड कळते कशी, एवढाच होता. पंपाचं काम कसं चालतं हे कोणी ९३ टक्के हावभावांनी सांगून दाखवावं! छाती काढून, हात कमरेवर ठेवून दोन मिनिटं उभं राहिलं की संप्रेरकं बदलतात, असा २०१० चा दावाही असाच गाजला. पुढे मोठ्या प्रयोगात संप्रेरकांतला तो बदल दिसला नाही आणि मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिकेनंच २०१६ मध्ये त्यावरचा आपला विश्वास उडाल्याचं जाहीर केलं. स्वच्छ इस्त्रीचे कपडे, वेळेवर हजेरी आणि नीट नमस्कार एवढं पुरे. त्यासाठी हजारोंची फी भरायला नको.

तरीही सगळा भार उमेदवारावर टाकणं अन्यायाचं आहे. चेहरा पाहून माणूस विश्वासू की नाही हे ठरवायला सेकंदाचा दहावा भागही पुरतो, असं २००६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. सुचेल ते विचारत रंगलेल्या गप्पांत मग तेच मत पक्कं होत जातं. २०२२ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र फेरहिशेब झाला. सर्वांना ठरलेले तेच प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण अशा मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी असलेला संबंध ०.४२ निघाला, तर मोकळ्याढाकळ्या मुलाखतीचा ०.१९. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंदच केल्या. खासगी कंपन्यांनी त्या बंद कराव्यात असं नाही. पण पाच प्रश्न आधी लिहून ठेवायला आणि प्रत्येक उत्तरानंतर लगेच गुण मांडायला असा कितीसा वेळ लागतो? आणि उमेदवार आत आल्यावर पहिली दोन मिनिटं प्रवास कसा झाला हे विचारून पाण्याचा ग्लास पुढे करायला तर काहीच लागत नाही.