तिसरे शील आणि विवाहाची सक्ती
1934 साली, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, ज्यांत समलिंगी आकर्षणाचाही प्रश्न होता, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून निःसंकोच उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणाऱ्या बॅरिस्टर आंबेडकरांच्या त्या भूमिकेची आठवण आज त्यांच्याच अनुयायांच्या विहारांत क्वचितच कोणी काढावी, याचा मला खेद वाटतो. दर रविवारी वंदनेत पंचशील म्हणणाऱ्या समलिंगी तरुणामागे घरी मात्र ‘मुलगी बघायला चल’ हा तगादा असतोच. विनयपिटकात काहींना उपसंपदा नाकारणारे नियम आहेत, हे खरे. परंतु ते भिक्षुसंघाच्या शिस्तीचे, उपासकाच्या संसाराचे नव्हेत. तिसरे शील कामविषयक मिथ्याचार वर्ज्य सांगते, आणि सत्य दडवून एखाद्या अजाण मुलीशी मुलाचे लग्न लावून देणे, याहून उघड मिथ्याचार मला तरी दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कलम 377 चा जाच दूर केला. 2023 मध्ये मात्र विवाहाचा हक्क मान्य न करता तो मामला कायदेमंडळाकडे सोपवला. तरीही दोघा पुरुषांनी त्रिशरण घेऊन, आप्तांसमक्ष, सहजीवनाचा संकल्प करावा, यास विहाराच्या विश्वस्तांनी संमती देण्यात कोणताही कायदा आडवा येत नाही.