एरर आला म्हणून कम्प्युटर भंगारात देऊ नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. काउंटरवरचं जुनं मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नसेल, तर उबुंटूसारखं मोफत लिनक्स टाकता येतं. पण पहिला एरर दिसला की आपण म्हणतो, "हे आपलं काम नाही बुवा," आणि नव्या कम्प्युटरचा भाव विचारायला निघतो. माझ्या मते ही घाई महागात पडते.

बारकोड वाचणारी झेडबार लायब्ररी घ्या. ती सी भाषेतली, ओपन सोर्स आहे. विंडोजची सवय असलेला माणूस सेटअप फाइल शोधतो, इथे हाती येतो सोर्स कोड. गिटवरून घेतलेल्या कोडमध्ये 'कॉन्फिगर' फाइल नसते. कोड खराब नाही, आधी 'ऑटोरीकॉन्फ' चालवून ती तयार करावी लागते. पुढे 'हेडर सापडलं नाही' असं आलं, तर बहुतेक वेळा त्या लायब्ररीचं 'डेव्ह' पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं. उबुंटूत चालवायचं आणि बिल्ड करायचं पॅकेज वेगवेगळं मिळतं. सगळं इन्स्टॉल होऊनही प्रोग्रामला लायब्ररी सापडत नसेल, तर 'सुडो एलडीकॉन्फिग' चालवून पहा.

एरर पन्नास ओळींचा असला तरी आधी पहिला एरर वाचा. रोकडवहीत वरची बेरीज चुकली की खालच्या सगळ्या चुकतात, तसंच हे.

पण बिल्ड करणं म्हणजे मर्दुमकी नाही, बरं का! फक्त बारकोड वाचायचा असेल तर 'झेडबार-टूल्स' हे तयार पॅकेज एका कमांडमध्ये येतं. ते आधी बघा. तयार पॅकेजने काम भागत नसेल, तरच बिल्डच्या मागे लागा. तेही बाजाराच्या दिवशी नको, आणि बॅकअप घेतल्याशिवाय तर नकोच. कुठल्याही व्हिडिओतली 'सुडो' कमांड, माझ्या व्हिडिओतलीसुद्धा, समजल्याशिवाय चिकटवू नका. 'सुडो' म्हणजे गल्ल्याची चावी.

तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर लिनक्सचा हट्ट सोडा. बाकीच्यांनी मात्र खिशात हात घालण्याआधी एकदा एरर वाचावा. अडलात तर पहिला एरर जशाचा तसा कमेंटमध्ये टाका, मिळून सोडवू.