टोमण्यांनी वजन उतरत नाही



मुलांना लाजवल्याखेरीज त्यांचा लठ्ठपणा हटत नाही, हा गतांकातील पत्रलेखकांचा अभिप्राय मला सर्वथैव अमान्य आहे. आपल्याच नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेलेला दिवसातून दोनच जेवणांचा प्रघात या पत्रलेखकांनी शिफारशीदाखल उद्धृत केला खरा. परंतु तो 18 वर्षांखालील मुलांसाठी नव्हे, ही दीक्षितांचीच अट त्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते.

शिकवणीहून परतताना हुडकेश्वर रस्त्यावर तर्रीपोह्यांवर मूठभर शेव आणि वर सांबारवडी रिचवणाऱ्या माझ्या पुतण्याला घरात ‘ढोल्या’ म्हणण्याचा परिणाम इतकाच झाला, की तो आमच्यासमक्ष जेवीनासा झाला आणि चोरून दुप्पट खाऊ लागला. अखेर टोमण्यांना सक्त मनाई करून, फरसाणाची खरेदी साऱ्या कुटुंबाकरिताच बंद केली, तेव्हा कुठे स्वारी ताटावर आली. मोठ्यांची कुरकुर मात्र अद्याप जारी आहे.

आपला,
एक पालक, हुडकेश्वर, नागपूर