चिपर किती इंची घ्यायचा? आधी आपलं बेडं मोजा



आजचा मेसेज फवारणीचा नाही, बाजारभावाचाही नाही. जरा लांब आहे, दुपारी जेवण झाल्यावर निवांत वाचा.

येत्या सभेत आपल्या छाटणी गटासाठी चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं यंत्र, घ्यायचा विषय आहे. पैसा तुमच्या-माझ्या भागभांडवलातला जाणार. म्हणून संचालक या नात्याने माझं मत आधीच सगळ्यांपुढे ठेवतो. पटलं नाही तर सभेला येऊन भांडा. यंत्र दारात आल्यावर भांडून उपयोग नाही.

गटातली पोरं गेले दोन हंगाम जुनी कलमं उतरवतायत. चाळीस-पन्नास फूट वाढलेला हापूस, आत ऊन नाही, फवारा शेंड्याला पोचत नाही, आंबा काढायला माणूस चढायला तयार नाही. अशा बागांच्या पुनरुज्जीवनाची शिफारस दापोलीचं आपलं कोकण कृषी विद्यापीठ कधीपासून करतंय. काम चांगलं चाललंय, मागणी वाढतेय. अडचण झाडावर नाही, झाडाखाली आहे. एका मोठ्या कलमाचा मध्य मोकळा केला की खाली अंगणभर फाटा पडतो. जाड लाकूड चार दिवसांत कोणीतरी उचलतो. काटक्या, शिरपुटं, पाला मात्र तिथेच. मालक म्हणतो गडग्याला लावून ठेवा, आणि तो ढीग तिथेच वाळतो.

पूर्वी हे साचत नव्हतं. कवळं भाजावळीला जायची, काटक्या चुलीला. आता घरोघरी गॅस आला, भाजावळही कमी झाली. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये कातळावरच्या गवताला आग लागली की ती गडग्यापाशी येते आणि आपण तिच्यासाठी सरण रचून ठेवलेलंच असतं. वणव्यात काजू आणि कलमं गेलेली बाग ज्याने पाहिली आहे त्याला जास्त सांगायला नको. म्हणून चिपर हवा की नको यावर माझं दुमत नाही. हवाच. प्रश्न कोणता, हा आहे.

सगळ्यांचा पहिला प्रश्न, 'किती इंची?' गटातल्या पोरांचं मत आठ इंचीचं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, घ्यायचाच तर मोठा घ्या, परत परत होत नाही. मला हे पटत नाही. आपण आठ इंची लाकडाचा चुरा कशाला करणार? मनगटापेक्षा जाड लाकडाला आपल्याकडे गिऱ्हाईक आहे. वखारवाला नेतो, हॉटेलवाला नेतो, लग्नाकार्याला लागतं. विकलं जाणारं लाकूड डिझेल जाळून बारीक करायचं आणि वर म्हणायचं यंत्र मोठं आहे! आपला त्रास तीन-चार इंचाच्या आतल्या मालाचा आहे. त्यासाठी चार इंची यंत्र पुरतं. फार तर पाच.

यावर कोणी म्हणेल, पुन्हा निसर्गसारखं वादळ आलं तर? ३ जून २०२० चा दिवस मीही विसरलेलो नाही. श्रीवर्धनजवळ वादळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत बागा आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. पण आठवून बघा, त्या वेळी खोडं चेनसॉने कापून निघाली. रस्ता आणि बाग अडवून बसला होता तो झाडाचा डोला, फांद्यांचा गुंता. तो गुंता कापून चार इंची यंत्रात घालता येतो.

पण चार इंची म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. कागदावरची इंची ही सरळ, ओल्या, गुळगुळीत काठीची असते. आंब्याची फांदी सरळ कधी असते? तिला कोपरे असतात, वाय असतो, गाठी असतात. दोन इंची फांदीला दोन बाजूंनी फाटे असले तर तिला आठ-दहा इंचाचं तोंड लागतं. म्हणून पात्याच्या क्षमतेपेक्षा यंत्राचं तोंड आतून किती रुंद आणि किती उंच, हे टेप लावून मोजायचं. माहितीपत्रकात बाहेरच्या पत्र्याचं नरसाळं मोठं दिसतं, त्याला भुलू नका. आत जिथे पातं किंवा रोलर आहे तिथलं माप घ्या.

गेल्या वर्षी एका विक्रेत्याने आपल्याकडे प्रात्यक्षिक दाखवलं. तेव्हा जे हजर होते त्यांना आठवत असेल. त्याने येतानाच ऑस्ट्रेलियन बाभळीच्या सरळ काठ्या गाडीत घालून आणल्या होत्या. एकेक काठी आत गेली की पलीकडून फवाऱ्यासारखा चुरा. सगळे खूश. आमच्यातल्या एकाने तर ॲडव्हान्सचं काढलं होतं. मी म्हटलं थांबा, आमच्या बागेतला माल घाला. आदल्या आठवड्यात तोडलेला आंब्याचा फाटा पाल्यासकट दिला. पहिल्या पाच मिनिटांत दोनदा अडकलं. तिसऱ्यांदा पट्ट्याचा वास यायला लागला. मग विक्रेता म्हणाला, 'साहेब, फाटे आधी कोयतीने साळून घ्यायचे.' अहो, प्रत्येक फाटा साळत बसायचा तर मग यंत्र कशाला? त्या यंत्रात फीड रोलर नव्हता. फांदी हाताने ढकलायची आणि पात्याने ओढून घ्यायची, अशी रचना. सरळ काठीला ती चालते, आपल्या फाट्याला नाही.

म्हणून माझं दुसरं मत. इंच कमी चालतील, इंजीन थोडं लहान चालेल, पण फीड रोलर पाहिजेच. तो फांदी पकडतो, चेपतो आणि ठरलेल्या वेगाने आत देतो. चांगल्या यंत्रात इंजिनाच्या फेऱ्या उतरल्या की रोलर आपोआप थांबतो आणि फेऱ्या चढल्या की पुन्हा सुरू होतो. ही सोय असली तर नवखा माणूसही यंत्र सारखं अडकवत नाही. पातं चकतीवर असो की ड्रमवर, त्यावर मी वाद घालणार नाही. आपल्या मालाला दोन्ही चालतात.

आता ट्रॅक्टरचा विषय. पीटीओवर चालणारा चिपर स्वस्त पडतो, कारण इंजिनाचे पैसे वाचतात. घाटावर, जिथे दोन ओळींतून ट्रॅक्टर सरळ जातो, तिथे मीही तोच घेतला असता. आपल्याकडे बागा उतारावर, मध्ये गडगे, खाली कातळ. ट्रॅक्टर रस्त्यावरच उभा राहणार आणि फाटा ओढत तिथपर्यंत आणायचा. सगळी मजुरी त्या ओढण्यात जाते. गेल्या मे महिन्यात मी माझ्याच बागेत मुद्दाम घड्याळ लावून बघितलं. तोडायला लागला त्याच्या दुप्पट वेळ फाटा ओढून बेड्यापर्यंत आणायला लागला. तेव्हा फांदी यंत्राकडे न्यायची नाही, यंत्र फांदीकडे न्यायचं. दोन चाकांवर बसवलेलं, स्वतःचं इंजीन असलेलं, पिकअपच्या मागे ओढता येईल आणि शेवटचे पन्नास फूट चार माणसं ढकलू शकतील, असं यंत्र हवं. आणि ते आपल्या बेड्यातून आत गेलं पाहिजे. यंत्राची रुंदी चाकाच्या बाहेरून मोजतात, हे विचारून घ्या. काही जणांनी पॉवर टिलरवर पट्टा लावून चालणारा चिपर सुचवलाय. घरच्या बागेपुरता तो ठीक आहे. गटाच्या रोजच्या भाड्याच्या कामाला पुरणार नाही.

नारळ-सुपारीवाल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नंतर तक्रार नको. झावळी म्हणजे लाकूड नाही, दोर आहे. तिचे धागे पात्याने नीट तुटत नाहीत, शाफ्टला गुंडाळतात. तिच्यासाठी हातोड्यांचा श्रेडर वेगळा असतो. 'टू इन वन' म्हणून विकतात ती यंत्रं दोन्ही कामं करतात, पण दोन्ही अर्धवट. आपल्या सभासदांत आंबा-काजू जास्त, म्हणून पहिलं यंत्र लाकडाचं घ्यावं. वाडीवाल्यांचा श्रेडर पुढच्या वर्षी. नाराजी आली तरी हे मी सभेतही बोलणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हात.

फीड रोलर फांदी सेकंदाला फूटभर किंवा त्याहून जास्त वेगाने आत ओढतो. शर्टाची बाही फाट्यात अडकली तर ओरडायला वेळ मिळत नाही. म्हणून तोंडाशी लाल दांडी, जी अंगाने दाबली तरी रोलर थांबतो किंवा उलटा फिरतो, ती नसेल तर ते यंत्र फुकट दिलं तरी घ्यायचं नाही. तोंडाचं नरसाळं इतकं लांब हवं की बाहेर उभ्या माणसाचा हात रोलरपर्यंत पोचताच कामा नये. काही स्वस्त यंत्रांत ते मुद्दाम आखूड ठेवतात, पत्रा वाचतो. तिथे वाचलेला पत्रा कोणाच्या तरी पंजाच्या किमतीचा असतो.

गळ्यात टॉवेल नाही, लुंगी नाही, हातात कडं-दोरा नाही. लांब कफचे हातमोजे नाहीत. फांदी बुंध्याकडून घालायची आणि पकडली की लगेच सोडून बाजूला व्हायचं, समोर उभं राहायचं नाही. आखूड तुकडे हाताने ढकलायचे नाहीत, पुढच्या लांब फांदीने ढकलायचे. पायाने तर कधीच नाही. अडकलं तर इंजीन बंद, किल्ली खिशात, आणि चकती पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात नाही. इंजीन बंद केल्यावरही जड चकती बराच वेळ फिरत राहते, आवाज गेला म्हणजे ती थांबली असं नाही. डोळ्याला चष्मा, कानाला मफ. काजूचा चीक अंगावर उतरतो, पूर्ण बाह्या हव्यात, पण मनगटाशी घट्ट. यंत्रावर दोन माणसं कायम, एकटा माणूस कधीच नाही. पोरांचा अपघात विमा यंत्राच्या आधी काढायचा, नंतर नाही. हा माझा सभेतला पहिला ठराव असेल.

पात्यांबद्दल थोडं. दगड, माती आणि तार हे पात्याचे वैरी. गडग्याला लावलेला ढीग उपसताना चिरे-खडे आत जातात, म्हणून ताजा माल तिथल्या तिथे घातलेला बरा. ओलं लाकूड सुकलेल्यापेक्षा सोपं कापलं जातं, हाही फायदा. पाती दोन्ही बाजूंनी वापरता येणारी असावीत, दोन जोड बरोबर घ्यावेत. फिरतं पातं आणि स्थिर पातं यांतली फट पुस्तकात दिली असेल तीच ठेवायची. फट वाढली की चुऱ्याऐवजी चोथा आणि लांब धागे येतात, डिझेलही जास्त जातं. पाती, बेअरिंग आणि पट्टा रत्नागिरी-चिपळूणच्या पलीकडे जावं न लागता मिळतो का, हे विक्रेत्याच्या तोंडून नको, त्याच्या जुन्या गिऱ्हाईकाच्या तोंडून ऐकू या.

हिशेब असा. समजा यंत्र ४ लाखांचं आणि ८ वर्षं चाललं. वर्षाला २५० तास काम मिळालं तर २,००० तास, म्हणजे तासाला २०० रुपये नुसती झीज. वर्षाला ८० तासच मिळाले तर ६४० तास, आणि तीच झीज ६२५ रुपये. डिझेल, दोन माणसं, पात्यांची धार, पिकअप यावर वेगळे. पावसाचे महिने आपल्याकडे हे यंत्र झाकूनच राहणार, हे धरून चाला. म्हणून यंत्र घेण्याआधी तासांची नोंदणी झाली पाहिजे. भाडं झाडावर नाही, तासावर. त्यासाठी तासाचा मीटर बसवलेलंच यंत्र घ्यायचं. झाडावर भाडं ठरवलं की लहान कलमवाला मोठ्या कलमवाल्याचा खर्च भरतो.

अनुदान मिळत असेल तर नक्की घेऊ. महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती आल्याशिवाय खरेदी करायची नाही, एवढं लक्षात ठेवा. पण यादीत आहे म्हणून यंत्र निवडायचं, हे मला मान्य नाही. अनुदान एकदा मिळतं, अडकलेलं यंत्र दर हंगामात भेटतं.

चुऱ्याचं काय करायचं, असं बरेच जण विचारतात. कलमाच्या आळ्यात वरून तीन-चार इंच पसरा, पाऊस संपल्यावर ओल टिकते, तण दबतं. खोडापासून दीड-दोन फूट लांब ठेवा, नाहीतर वाळवीला आमंत्रण. मातीत मिसळू नका. कच्चं लाकूड कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं. मिसळायचंच असेल तर शेणकाल्याबरोबर आधी कुजवा. रोगट, वरून मर लागलेल्या फांद्यांचा चुरा बागेत परत आणू नका, तो वेगळा कुजू द्या.

आणखी एक. छाटणी वेगळी आणि तोड वेगळी. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं मुळापासून तोडायची असतील तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, झाड स्वतःच्या बागेतलं असलं तरी. यंत्र आलं म्हणून गटाला कोणी गुपचूप झाडं पाडायला बोलावू नये.

सभेआधी दोन विक्रेत्यांना प्रात्यक्षिकाला बोलावतोय. माल आपला असेल: आठवडाभर पडलेला आंब्याचा फाटा, काजूची फांदी आणि थोड्या झावळ्या. पाच मिनिटं नाही, दोन तास सलग चालवून दाखवायचं. जागा आणि दिवस वेगळ्या मेसेजने कळवतो.

तोवर या मेसेजला उत्तर म्हणून तीन गोष्टी पाठवा. बेड्याची रुंदी फुटात, पिकअप बागेच्या किती जवळ येते, आणि या हंगामात किती कलमं छाटायची आहेत. ढिगाचा फोटो असेल तर तोही. व्हॉइस मेसेज चालेल, पण आकडे जरा सावकाश बोला.