देऊळ की गॅलरी?

"कवी आहे ना, मग कविता लिहाव्यात आणि गपचूप टॅक्स भरावा. तमाशे कशाला?" इयन हॅमिल्टन फिन्लेची गोष्ट सांगितली की ही प्रतिक्रिया हमखास येते. मला ती अजिबात पटत नाही.

आधी गोष्ट. हा स्कॉटिश कवी (१९२५-२००६) १९६६ साली बायको स्यूबरोबर एडिंबरोजवळ, पेंटलंडच्या डोंगराळ भागात, स्टोनीपाथ नावाच्या शेतघरात राहायला गेला. उघडा माळ आणि वारा. दोघांनी तिथे बाग केली, झाडाफुलांत स्यूचा मोठा वाटा. कविता कागदावरून उठून दगडांवर, बाकांवर, झाडांपाशी गेल्या. शब्द फिन्लेचे, पण कोरणारे कारागीर वेगळे, आणि त्यांची नावं तो आवर्जून देई. (शेवटच्या स्लाइडवर फक्त मॅनेजरचं नाव बघायची सवय असलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

एका डबक्याकाठी जर्मन चित्रकार ड्यूररची आद्याक्षरं कोरलेला दगड आहे. बस्स, एवढंच. पण ती अक्षरं दिसली की समोरचं साधं गवत ड्यूररच्या त्या प्रसिद्ध गवताच्या चित्रासारखं दिसायला लागतं. जणू निसर्गाखालीच सही! अशा २७०हून जास्त कलाकृती तिथे आहेत. एडिंबरोला 'उत्तरेचं अथेन्स' म्हणतात, म्हणून बागेचं नाव 'लिटल स्पार्टा'.

आता भांडण. जुन्या गोठ्याची गॅलरी झाली होती, ती फिन्लेनं अपोलोचं देऊळ म्हणून जाहीर केली. स्ट्रॅथक्लाइडची रीजनल कौन्सिल म्हणाली, आमच्या लेखी ही गॅलरीच, कर भरा. हा म्हणाला, देवळाला कर नसतो. ४ फेब्रुवारी १९८३ला जप्तीवाला आला. समर्थक आणि पत्रकार आधीच जमलेले, त्यामुळे तो रिकाम्या हातानं परत गेला. १५ मार्चला पुन्हा आला आणि कलाकृती उचलून नेल्या. पहिल्या 'लढाई'चं स्मारकसुद्धा बागेत आहे, मशीनगनच्या चित्रासकट.

नौटंकी? अहो, नाटकच होतं ते! आद्याक्षरं लावली की डबक्याचं चित्र होतं, तसंच नाव दिलं की गोठ्याचं देऊळ होतं. कविता तीच, फक्त या वेळी वाचक सरकारी होता.

आपल्याकडचा माणूस इथे हसणार. रातोरात फुटपाथवर शेंदूर फासलेला दगड येतो आणि सकाळी अतिक्रमणवाले हात जोडून उभे राहतात, तोच प्रकार की हा! आक्षेप बिनबुडाचा नाही. करांवर शाळा चालतात, आणि उद्या प्रत्येकानं घराला देऊळ म्हटलं तर पंचाईतच. पण शेंदूरवाल्याला जागा हवी असते आणि चर्चा मुळीच नको असते. फिन्लेला बळकवायला तिथे काही नव्हतं, त्याला चर्चाच हवी होती. देऊळ कशानं होतं? मूर्तीनं, पूजेनं, की रजिस्टरातल्या नोंदीनं? या प्रश्नाला जप्ती हे उत्तर नव्हे.

आम्ही फॉर्म बनवणारी माणसं हा उद्योग रोज करतो. ड्रॉपडाउनमध्ये तीन पर्याय ठेवायचे, आणि चौथ्या प्रकारचा माणूस आला की लाल अक्षरांत 'योग्य पर्याय निवडा'. वर त्यालाच बावळट म्हणायचं. कौन्सिलनं एरर मेसेजऐवजी माणूस पाठवला, इतकाच फरक.

असो. ती कौन्सिल १९९६मध्ये बरखास्त झाली. बाग आता एक ट्रस्ट सांभाळतो. जायचं असेल तर उन्हाळ्यात जा, आणि आधी वेळा बघून घ्या.