पैलू : परका की चुलतभाऊ?

परवा फोंड्याला एका छोट्याशा साहित्यिक बैठकीत कॉलेजातल्या एका मुलीने निबंध वाचला. त्यात एक वाक्य होते, शिक्षक मुलांना पैलू पाडतात. वाचन संपताच पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. "बाय, पैलू हा यावनी शब्द. आपला पार्श्व आहे, निदान बाजू आहे. मग ही उसनवारी कशाला?" पोर ओशाळली आणि पुढे चर्चेत एक अक्षर बोलली नाही. वेळ संपल्यामुळे तिथे उत्तर देता आले नाही, ते इथे देतो.

आधी 'बाजू'चे बघू. हा शब्दही फारसीच! मूळ अर्थ दंड, बाजूबंद त्यातलाच. म्हणजे यवनाला दारातून हाकलले आणि खिडकीतून आत घेतले.

आता पैलू. फारसीत 'पहलू' म्हणजे कूस, बरगडीकडचा भाग. रत्नाच्या कामात पैलू म्हणजे खड्यावर घासून काढलेली सपाट बाजू. फिरत्या चकतीवर हिऱ्याचीच पूड आणि तेल लावून हिरा घासतात, तेव्हा एकेक पैलू पडतो. आज सर्वाधिक चालणाऱ्या गोल घाटात असे ५७ किंवा ५८ पैलू असतात.

आणि पार्श्व? संस्कृतात 'पर्शु' म्हणजे बरगडी, तिच्यावरून पार्श्व. पहलूचे मूळही बरगडीच्याच जुन्या इराणी शब्दात आहे, आणि तो शब्द व पर्शु एकाच घरचे. म्हणजे गृहस्थांनी ज्याला परका म्हणून हाकलले, तो पार्श्वाचा चुलतभाऊ निघाला! बुद्धभट्टाच्या 'रत्नपरीक्षे'त उत्तम हिऱ्याला सहा टोके, आठ पार्श्वे आणि बारा धारा सांगितल्या आहेत. ही आठ पार्श्वे म्हणजेच आठ पैलू. आणि आपला 'अष्टपैलू' पाहा. 'अष्ट' संस्कृत, 'पैलू' फारसी, पण क्रिकेटच्या बातमीत तो वाचताना कुणाला सांधा दिसतो का? 'पैलू पाडणे' यातले 'पाडणे' तर शुद्ध आपले.

शुद्धीच करायची तर गोव्यात ती कुठे थांबणार? चावी, पगार, बटाटा, काजू हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. पगार नाकारणारा शुद्धिवादी मला अजून भेटलेला नाही.

प्रश्न एका शब्दाचा नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतर गोव्यात मराठी टिकली ती सरकारच्या कृपेपेक्षा वाचनालये, भजने, नाटके आणि लिहिणारी पोरे यांच्यामुळे. त्या पोरांना भर सभेत असे गप्प केले, तर पुढचा निबंध त्या इंग्रजीत लिहितील. तिथे उसन्या शब्दांबद्दल कुणी दटावत नाही.

हिरा घासणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. चुकीच्या जागी घाव बसला तर पैलू पडत नाही, खडाच फुटतो.